बिनखुणेची बंदी

कोविडला पाच वर्षं झाली म्हणून 2025च्या मार्चमध्ये बऱ्याच उजळण्या झाल्या. त्यांत मुलांचा विषय निघाला की चर्चा ठरलेल्या दोन खुर्च्यांवर जाऊन बसायची. एका खुर्चीत ‘जीव महत्त्वाचा’, दुसरीत ‘बालपण परत येत नाही’. मैदानं उघडायला हवी होती का, असा प्रश्न टाकायचा, दोन्हीकडून थोडं थोडं बोलून घ्यायचं आणि शेवटी मुलांच्या हातातल्या मोबाईलवर सगळ्यांनी मिळून हळहळायचं. जणू तो मोबाईल पोरांनी दुकानातून पळवून आणला होता! शाळा त्याच्यावर भरवली ती आपणच.

उघडावं की बंद ठेवावं, या प्रश्नाला असं मोघम उत्तर नसतंच. 2020च्या मार्चअखेर सगळं बंद झालं ते मला मान्य आहे. नवा रोग, काही माहीत नाही, थांबा म्हटलं तर थांबावं. 2021च्या एप्रिलमध्ये विदर्भात खाट आणि प्राणवायू यांसाठी लोक जिल्हे पालथे घालत होते, तेव्हा कुणी माझ्याकडे मैदान मागितलं असतं तर मीच त्याला गप्प केलं असतं. पण या दोन काळांच्या मध्ये आणि नंतर जे महिने गेले, त्यांचं काय? भांडण आहे ते त्या महिन्यांचं, आणि चर्चेत नेमके तेच गाळले जातात.

भंडाऱ्याहून वैनगंगा ओलांडली की पलीकडे कारधा. मुंबई-कोलकाता महामार्ग गावाला लागून जातो. अशा गावात मैदानाला ना फाटक असतं, ना घसरगुंडी. जिल्हा परिषद शाळेचं आवार, देवळापुढचं पटांगण, धान कापून झाल्यावर मोकळी पडलेली बांधी. नदीचा काठही होता, पण गोसेखुर्द धरणाचं पाणी मागे फुगत आल्यापासून तो पूर्वीसारखा राहिला नाही. महामारीत शाळांना कुलूप लागलं, आणि गावोगावी त्याच शाळांच्या वर्गांत बाहेरून आलेल्या कुटुंबांना चौदा-चौदा दिवस ठेवलं गेलं. म्हणजे शाळा गेली तसं आवारही गेलं. शहरात मैदान आणि शाळा या दोन वेगळ्या गोष्टी असतात, त्यांचे आदेशही वेगळे निघतात. खेड्यात शाळा बंद म्हणजे मैदान बंद. म्हणून पुढे शाळांच्या तारखा येतील, त्या मैदानाच्याही समजाव्यात.

आता आदेश पाहा. 1 मे 2020च्या केंद्राच्या आदेशात 65 वर्षांवरचे वृद्ध, सहव्याधी असलेले, गरोदर स्त्रिया आणि 10 वर्षांखालची मुलं एकाच ओळीत बसवली गेली. या सर्वांनी अत्यावश्यक गरज आणि आरोग्याचं कारण सोडून घरात राहायचं. वृद्धांना या रोगाने सर्वांत जास्त मारलं, त्यामुळे त्यांची काळजी कळते. मुलांना त्याचा त्रास सर्वांत कमी होत होता, हे तोवर जगभर दिसू लागलं होतं. तरी दोघांना एकच नियम. त्याच आठवड्यात राज्यात दारूची दुकानं उघडली. 3 जूनपासून चालायला, धावायला, सायकल चालवायला सकाळी पाच ते संध्याकाळी सात मुभा मिळाली, पण उद्यानांतले झोके आणि खेळण्याची साधनं बंद. ऑगस्टमध्ये विदर्भातला सार्वजनिक पोळा भरला नाही, म्हणून तान्हा पोळाही नाही. नागपूरच्या दुसऱ्या रघुजीराजांच्या नावाने सांगितला जाणारा हा लेकरांचा सण. चाकांचा लाकडी नंदी दोरीने ओढत, नटूनथटून, घरोघरी बोजारा मागत फिरायचं. त्या वर्षी नंदी ओसरीतच पुढे-मागे ओढले गेले. मला यात तक्रार नाही. मिरवणूक ही गर्दीच. पुढे 5 ऑक्टोबरला उपाहारगृहं आणि बार, नोव्हेंबरच्या सुरुवातीला चित्रपटगृहं, 16 नोव्हेंबरला पाडव्याच्या मुहूर्तावर मंदिरं. नववी ते बारावी 23 नोव्हेंबर, पाचवी ते आठवी 27 जानेवारी 2021. पहिली ते चौथी त्या शैक्षणिक वर्षी उघडलीच नाही. आणि 2021च्या एप्रिलमध्ये राज्यभर संचारबंदी असताना वानखेडेवर प्रेक्षकांविना का होईना, आयपीएलचे दहा सामने झाले. क्रिकेट अत्यावश्यक होतं तर!

मुलांना कोंडण्याच्या बाजूने जी कारणं दिली गेली, त्यांतली बरीच एका ओळीत निकालात निघतात. मुलांना शिस्त लागते म्हणणाऱ्यांशी बोलण्यात अर्थ नाही. उलट बाजूचं, ‘मातीत खेळलं की रोग जवळ येत नाही’ हेही तसंच अडाणी. खेळाला पर्याय म्हणून मोबाईलवरचे खेळ सुचवणारे बहुधा स्वतः कधी खेळलेले नसावेत. पण एक कारण मात्र चिवट आहे, आणि चांगल्या, समजदार माणसांनी ते मांडलं. ते असं: मुलाला काही होणार नाही हे खरं, पण ते रोग घेऊन घरी येईल. खेड्यात दोन खोल्यांत तीन पिढ्या राहतात. नातू खेळून येईल आणि आजी जाईल.

याला घाईने उत्तर देऊ नये, कारण यात प्रेम आहे आणि काही प्रमाणात तथ्यही आहे. मुलांकडून रोग पसरत नाही असं कोणत्याही शहाण्या डॉक्टरने म्हटलेलं नाही. पण नातवापर्यंत रोग येणार कुठून? एप्रिल 2020मध्ये जनधन खात्यात 500 रुपये आले म्हणून बँकेपुढे रांगेत कोण उभं होतं? रेशनच्या फुकट तांदळासाठी, धान खरेदी केंद्रावर, दवाखान्यात कोण जात होतं? मे महिन्यात याच महामार्गाने छत्तीसगडकडे चालत निघालेल्या मजुरांना पाणी, भाकरी कोण देत होतं? हे सगळं करणं भागच होतं, आणि करणारे मोठे होते. घरी परतल्यावर ते त्याच दोन खोल्यांत जेवत, झोपत. आजीच्या उशाशी रोग पोचायचाच असेल तर त्याला नातवाची गरज नव्हती.

दुसरं, मैदान बंद केलं म्हणून पोरांचं एकत्र येणं बंद झालं, हा भ्रम आहे. ते आत सरकलं. गल्लीत एका घरी चालू मोबाईल. ‘अभ्यास आला’ म्हणून पाच जण गोळा होतात. दार ओढून घेतलेलं, कारण बाहेरून कुणी पाहिलं तर बोलेल. पत्र्याखाली उकाडा, पाच डोकी एका पडद्यावर इतकी झुकलेली की एकाचा श्वास दुसऱ्याच्या कानाला लागतो. याला कुणी हटकलं नाही, हे शिक्षण होतं. तीच पाच पोरं बांधीत विटीदांडू खेळताना दिसली तर मात्र हातात काठी घेऊन मोठी माणसं धावली. बंदिस्त जागेत हा विषाणू सहज पसरतो आणि उघड्यावर अवघड, हे तेव्हा ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय नाही. जुलै 2020मध्ये 239 शास्त्रज्ञांनी हवेतून होणाऱ्या संसर्गाबद्दल उघड पत्र लिहिलं होतं. 20 मे 2021ला तर केंद्राच्या प्रधान वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयानेच दारं-खिडक्या उघडा, हवा खेळती ठेवा असं पत्रक काढलं. घरात खिडकी उघडा म्हणून सांगायचं आणि ज्याला भिंतीच नाहीत त्या जागेला कुलूप लावायचं, हे एकाच वेळी चालू होतं.

इथे प्लेगची आठवण येते. त्या काळच्या हकिकती, रँडच्या, गोऱ्या सोल्जरांच्या, शाळेत सर्वांनी वाचल्या आहेत. 1897चा साथरोग कायदा तेव्हाचाच, 2020मध्ये पुन्हा तोच काढला. पण तेव्हा लोक आपणहून काय करत? उंदीर पडू लागले की गाव सोडून शेतात झोपड्या घालत. त्या रोगाचं घर घरातच होतं, उंदरांवरच्या पिसवांत. आपल्या रोगाचं घरही घरातच होतं, कोंडलेल्या हवेत. आजोबा-पणजोबा बाहेर पडले, आपण आत गेलो.

तिसरं, आकडा. जून-जुलै 2021मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने देशभर चौथी रक्ततपासणी केली. 6 ते 9 वयाच्या मुलांत 57.2 टक्के आणि 10 ते 17 वयाच्यांत 61.6 टक्के जणांच्या रक्तात प्रतिपिंडं सापडली. सर्व वयांचं मिळून प्रमाण 67.6 टक्के. म्हणजे वर्षाहून जास्त काळ ज्या लहानग्यांना जवळपास शाळा नाही, मैदान नाही, त्यांतल्याही निम्म्याहून अधिकांना संसर्ग होऊन गेलेला. कोंडलं नसतं तर प्रमाण आणखी वाढलं असतं, असं कुणी म्हणेल. थोडंफार वाढलं असतंही. पण घरात सुरक्षित राहतील हे जे वचन होतं, ते पाळलं गेलं नाही एवढं तरी या आकड्याने कळतं. परिषदेच्या प्रमुखांनी, डॉ. बलराम भार्गव यांनी, 20 जुलै 2021ला सांगितलं होतं की शाळा उघडायच्या तर प्राथमिक आधी उघडणं शहाणपणाचं ठरेल. महाराष्ट्राने नेमकं उलट केलं: मोठे आधी, लहान शेवटी.

मूल रोगाचं वाहक आहे, या युक्तिवादाचा खरा दोष मात्र याहून खोल आहे. तो कधी संपतच नाही. रुग्ण वाढले की मूल वाहक, रुग्ण घटले की ‘लपलेला’ वाहक. मोठ्यांना लस मिळाली तरी मूल बिनलशीचं म्हणून वाहकच. लस हीच अट म्हणावी तर 15 ते 18 वयाला ती 3 जानेवारी 2022पासून मिळाली, 12 ते 14ला 16 मार्चपासून, आणि 12 वर्षांखालच्यांना राष्ट्रीय मोहिमेत कधी दिलीच गेली नाही. तो तर्क शेवटपर्यंत नेला तर कारध्यातली तिसरीतली मुलगी आजही ओसरीत बसलेली असायला हवी.

माझा मुद्दा इथे आहे, आणि तो समजायला कारध्याला लांब जावं लागत नाही. गावापाशी नदीवर जुना लहान पूल आहे आणि तिथे पाण्याची पातळी मोजतात. धोक्याची पातळी 245.50 मीटर. पावसाळ्यात पाणी चढलं की लहान पूल बुडतो, पोलीस रस्ता अडवतात. 2020च्या ऑगस्टअखेर वैनगंगेने भंडारा आणि आसपासची गावं बुडवली, गोसेखुर्दची 33च्या 33 दारं उघडावी लागली, हजारो लोकांना हलवावं लागलं. पुलावरचा रस्ता अडवण्याबद्दल गावात कधी वैचारिक चर्चा होत नाही. दळणवळणाचा हक्क मोठा की जीव, असं कुणी विचारत नाही. कारण पूल का बंद आहे हे जसं माहीत असतं, तसं तो कधी उघडेल हेही माहीत असतं. पाणी उतरलं की उघडेल. ‘पुन्हा चढू शकतं’ म्हणून दिवाळीपर्यंत अडवून ठेवण्याची सूचना कुणी केली तर लोक हसतील, आणि पुन्हा चढलं तर पुन्हा अडवतील.

बंदीचे मला हे दोनच प्रकार महत्त्वाचे वाटतात: जिच्यावर उतरण्याची खूण कोरलेली आहे ती, आणि जिच्यावर नाही ती. कडक की सौम्य, लांब की आखूड हे नंतरचं. खुणेची बंदी कितीही कडक असली तरी माणूस ती सोसतो, तिच्याशी हिशोब करतो, ती मोडली तर कुणाला जाब विचारायचा हे त्याला कळतं. बिनखुणेच्या बंदीत ‘पुढील आदेशापर्यंत’ एवढंच असतं, आणि पुढचा आदेश कुणाच्या तगाद्याने निघतो ते आपण पाहिलंच. बारवाल्यांची संघटना होती, ते भेटले. मंदिरांसाठी आंदोलनं झाली, राज्यपालांनी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिलं. पहिली-दुसरीच्या पोट्ट्यांचं शिष्टमंडळ नसतं. स्पेनने तर सहा आठवडे मुलांना उंबऱ्याबाहेर पडू दिलं नव्हतं, आपल्याहून कितीतरी कडक. पण 26 एप्रिल 2020 ही तारीख जाहीर केली, आणि त्या दिवशी मुलं तासभर मोठ्यांबरोबर बाहेर पडली.

कुणी म्हणेल, रोगाला नदीसारखी मोजपट्टी नसते. होती की. 27 एप्रिल 2020ला जिल्ह्यातला पहिला रुग्ण गराडा बुद्रुकला सापडला, तोवर महिनाभर जिल्ह्यात एकही नोंद नव्हती. त्यानंतर रोजचे बाधित, रोजचे दाखल, रोजचे मृत्यू जिल्हा माहिती कार्यालय छापत होतं. आणि 6 ऑगस्ट 2021ला शेवटचा रुग्ण घरी गेला, तेव्हा राज्यातला पहिला कोरोनामुक्त जिल्हा म्हणून भंडाऱ्याचं नाव देशभर झालं. उपचाराखालचे रुग्ण शून्य. याहून खाली पाणी उतरत नाही. शून्य टिकणार नव्हतं, हे मलाही कळतं. पण उतरण्याची खूण म्हणून शून्यही चालत नसेल तर मग कोणती चालेल? आठवी ते बारावीसाठी कोरोनामुक्त गावात शाळा उघडायची मुभा जुलैपासून होती, म्हणजे गाव हे एकक सरकारला मान्य होतं. लहानांना ती नव्हती. ग्रामीण भागात पाचवीपासूनचे वर्ग 4 ऑक्टोबरला उघडले, मंदिरं 7 ऑक्टोबरला घटस्थापनेच्या दिवशी. पहिली ते चौथी 1 डिसेंबर 2021ला. शून्यानंतर जवळपास चार महिने, आणि पहिल्या कुलुपानंतर वीस महिन्यांहून अधिक. सहा वर्षांचं मूल त्यात आठ वर्षांचं होतं; लंगडी, लगोरी, रुसणं, डाव सोडून जाणं आणि परत येणं जे वय शिकवतं, तेच वय.

खूण कुठे ठोकावी यावर डॉक्टरांनी वाद घालावा. तालुक्यात दाखल रुग्ण इतके असतील तर बंद, दोन आठवडे त्याखाली राहिले तर आवाराचं फाटक उघडं, वर्ग मागाहून. अनोळखी गावांचे सामने नकोत, गल्लीतली नेहमीची पोरं चालतील. आकडा चुकला तरी चालेल, तो शाळेच्या भिंतीवर लिहिलेला हवा.

हे स्वप्नरंजन नाही, कारण एकदा जवळजवळ असं घडलं. ओमायक्रॉन आला तेव्हा 8 जानेवारी 2022च्या आदेशाने शाळा पुन्हा बंद झाल्या, पण या वेळी तारीख घालून: 15 फेब्रुवारीपर्यंत. तारीख कशावरून काढली, देव जाणे. पण ती कागदावर होती, म्हणून पालकांना, शिक्षकांना, बालरोगतज्ज्ञांना धरायला काहीतरी मिळालं. एवढे दिवस कशाला, असं विचारता आलं. दोन आठवड्यांत निर्णय फिरला, आणि 24 जानेवारीपासून स्थानिक प्रशासनाला शाळा उघडण्याची मोकळीक मिळाली, बालवाडीपासून.