दुधातले पाणी आणि रश्श्यातले पाणी



दिव्य कुरआनच्या सूरह नहलमध्ये (१६:६६) अल्लाहने आपले लक्ष गुराढोरांकडे वेधले आहे. त्यांच्या पोटातील शेण आणि रक्त यांच्या मधून तो आपणास निर्भेळ व पिणाऱ्यांना रुचणारे दूध पाजतो, आणि यात आपल्यासाठी बोध आहे, असा त्या आयतीचा आशय आहे. निर्मात्याने अशुद्धतेच्या मधून जे शुद्ध काढून दिले, त्यात माणसाने पुन्हा अशुद्ध मिसळावे, ही केवढी कृतघ्नता!

जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील कुटुंबांना दुधाविषयी वेगळे सांगावयास नको. दिवस उजाडण्यापूर्वी धारा काढायच्या, कॅन संकलन केंद्रावर न्यायचा, फॅट आणि एसएनएफ पाहून मिळेल तो भाव घ्यायचा. मंचरजवळ अवसरी फाट्याचा पराग मिल्क फूड्स हा उद्योग १९९२ सालचा. अशा मोठ्या प्रकल्पांमुळे शेतकऱ्याच्या दुधाला रोजचा ग्राहक मिळाला, हे नाकारणे अन्यायाचे ठरेल. परंतु याच दूधदुभत्याच्या मुलखात मुलांच्या डब्यात पोळी-तुपाऐवजी पाकिटातली बिस्किटे आणि कुरकुरीत तळण जाऊ लागले आहे. म्हणूनच ज्या भगिनी घरचे दही, चक्का, पनीर, तूप, मासवडी, शेवया करून चार घरांना पुरवितात, त्यांचे काम मोलाचे आहे. २०१८ साली जुन्नर पर्यटन तालुका घोषित झाला. त्यामुळे घरच्या जेवणाच्या शोधात येणारा पाहुणाही त्यांच्या दाराशी पोहोचू शकतो.

कुरआन केवळ हलाल खाण्यास सांगत नाही, त्यासोबत तय्यब हा शब्द येतो (२:१६८). म्हणजे स्वच्छ, उत्तम, पवित्र. आपण मांसाच्या दुकानात हलालची चौकशी काटेकोरपणे करतो आणि मुलाच्या हातातील पाकिटामागची बारीक अक्षरे मात्र वाचत नाही.

पण येथे एक सावधानता हवी. ‘घरगुती’ हा शब्द म्हणजे एक साक्ष आहे. बाजारातून डबा आणून त्यातले तूप काचेच्या बरणीत ओतले आणि ‘घरचे’ म्हणून विकले, तर ती खोटी साक्ष ठरते. आदरणीय प्रेषित (स.) बाजारात धान्याच्या ढिगाजवळून जात असता त्यांनी आत हात घातला, बोटांना ओल लागली. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले, तेव्हा ओला भाग वर का ठेवला नाहीस, असे त्यांनी विचारले आणि फसविणाऱ्याशी आपला संबंध नसल्याचे बजावले (मुस्लिम). विकण्यापूर्वी जनावराची धार मुद्दाम न काढता कास फुगलेली दाखविण्यासही त्यांनी मनाई केली. असा सौदा परत करण्यास ग्राहकाला तीन दिवसांची मुदत दिली. गुरांच्या बाजारात वावरणाऱ्या आपल्या बांधवांनी ही हदीस घरी मोठ्याने वाचावी.

हजरत उमर (र.) यांच्या काळातील दूध विकणाऱ्या मायलेकींची कथा तुम्हाला ठाऊक आहे. आईने पाणी मिसळण्यास सांगितले. खलीफा पाहत नसला तरी अल्लाह पाहत आहे, असे म्हणून मुलगी थांबली. तिलाच हजरत उमर (र.) यांनी सून करून घेतले, आणि उमर बिन अब्दुल अजीज हे तिच्या वंशातले, असे इतिहासकार सांगतात.

आता दुसरे पाणी पाहा. हजरत अबू जर (र.) यांना प्रेषितांनी (स.) रस्सा शिजविताना पाणी वाढवून शेजाऱ्यांना देण्यास सांगितले. पाणी तेच. विकायच्या दुधात ते पडले तर फसवणूक, शेजाऱ्यासाठी रश्श्यात पडले तर पुण्य! घरच्या चुलीचे सारे शास्त्र या फरकात आहे.

ग्राहकाचेही उत्तरदायित्व आहे. गाईच्या दुधाचे एक किलो तूप काढावयास साधारण पंचवीस ते तीस लिटर दूध लागते. हा हिशेब न करता जो स्वस्त तुपासाठी घासाघीस करतो, तो भेसळीला आमंत्रण देतो. उसाच्या रानात बिबट्याचा वावर असताना पहाटे गोठ्यात जाणाऱ्या बाईचे भयही त्या किमतीत असते, हे विसरू नये. विक्रेत्या भगिनींनीही २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यानुसार नोंदणी करावी, भांडी उकळत्या पाण्याने धुवावीत. स्वच्छतेत हयगय करून ‘घरचेच आहे’ म्हणणे चालणार नाही.

राहिला पैशाचा प्रश्न. तुपाचे पैसे कुणाचे? पुरुषांनी कमावले त्यात त्यांचा वाटा, स्त्रियांनी कमावले त्यात त्यांचा, असे कुरआन सांगतो (४:३२). घरखर्चाची जबाबदारी पतीवर आहे. पत्नीने बरण्या विकून आणलेली रक्कम त्याने न विचारता उचलणे हा तिच्या हक्कावर घाला आहे. ती आपखुशीने देईल तर गोष्ट वेगळी. हजरत अब्दुल्लाह बिन मसऊद (र.) यांच्या पत्नी झैनब (र.) यांनी आपल्या पतीवर आणि पदरी असलेल्या अनाथांवर खर्च करणे दान ठरेल का, हे जाणून घेण्यासाठी प्रेषितांचे (स.) दार गाठले होते. हजरत बिलाल (र.) यांच्यामार्फत उत्तर आले: तिला दोन पुण्ये आहेत, एक नातेसंबंधाचे आणि एक दानाचे (बुखारी).