पाचवे कारण

गोव्यातल्या पेडणे आणि डिचोलीच्या काजूबागांत मार्च ते मे या दिवसांत भट्ट्या पेटतात. कोळंबीत, म्हणजे तुडवणीच्या कुंडात, बोंडे तुडवून काढलेला रस मोठ्या भांड्यांत काही दिवस आंबू देतात. वेगळे यीस्ट घालायची चाल नाही. बोंडांवर आणि भांड्यांत आधीच असलेल्या सूक्ष्मजीवांवर सगळी भिस्त. आंबलेला रस भाणात, म्हणजे भट्टीवरच्या तांब्याच्या भांड्यात, चढतो, भाणाचे तोंड आणि नळीचा सांधा वारुळाच्या मातीने लिंपला जातो आणि वाफ लावणीत, म्हणजे गार पाण्यात ठेवलेल्या भांड्यात, उतरते. पहिला उतारा हुर्राक. तो रसात मिसळून पुन्हा उकळला की फेणी, जिला 2009 साली भौगोलिक मानांकन मिळाले. एखाद्या दिवशी लावणी अर्धीच भरते. तिथे एक जुना प्रश्न उभा राहतो: बिघडलेल्या कर्माचा धनी कोण? नेहमीची उत्तरे दोन, नशीब किंवा भट्टीवाल्याचा हलगर्जीपणा. मला दोन्ही घाईची वाटतात.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, निरनिराळ्या चेष्टा आणि पाचवे दैव. शंकराचार्य इथे अधिष्ठान म्हणजे देह आणि करण म्हणजे इंद्रिये असा अर्थ घेतात, हे खरे. पण हातांच्या धंद्यात भाण आणि नळी ही हातांचीच वाढ असते, म्हणून ही मांडणी अवजारांपर्यंत नेणे मला गैर वाटत नाही. अर्ध्या लावणीकडे असे पाहा. सांध्याची माती तडकली असेल तर वाफ बाहेर गेली, आणि जाळ जवळ असल्याने ती पेट घेण्याचाही धोका. जाळ मोठा झाला असेल तर रस फेसाळून नळीत चढला. लावणीभोवतीचे पाणी तापले असेल तर वाफ धरलीच नाही. भांडे नीट धुतले नसेल तर रस आधीच आंबटला होता आणि भट्टीचा काही दोष नव्हता. नुकसान दिसायला एकच, पण कारणे चार ठिकाणची. सगळे सुरळीत चालते तेव्हा ही कारणे एकमेकांत मिसळून जातात आणि कर्त्याला वाटते की हे आपणच केले. अवजार बिघडते तेव्हाच ती सुटी दिसतात.

दैव नाकारण्याची इथे गरज नाही. मोहोरावर अवकाळी पाऊस पडला तर त्याला दुसरे काय म्हणणार? पण यादीत ते पाचवे आहे, आणि पहिली चार तपासल्याशिवाय त्याचे नाव घेणे म्हणजे विचार टाळणे. 1856 साली फ्रान्समधल्या लील शहरात बीटापासून अल्कोहोल करणाऱ्या एका कारखानदाराची पिंपे आंबट होऊ लागली, तेव्हा लुई पाश्चरने नासलेल्या आणि चांगल्या पिंपांतला रस सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. चांगल्यात यीस्टचे गोल कण होते, नासलेल्यात त्यांहून बारीक, काडीसारखे जीव. पुढे 1876 मध्ये त्याने बिअरच्या रोगांवर ग्रंथच लिहिला. आज घरी बिअर करणारा माणूस भांडी इतकी निगुतीने निर्जंतुक करतो, त्यामागे ही नासकी पिंपे आहेत.

दारूच्या भट्टीवर गीता कशाला, असा आक्षेप येईल. डिचोली तालुक्यातल्या शिरगावात लईराई देवीची जत्रा वैशाख शुद्ध पंचमीला, म्हणजे काजूच्या हंगामातच, भरते आणि तिचे व्रतस्थ भक्त, धोंड, तेव्हा दारूला शिवत नाहीत. दुसरीकडे देवचाराला, गावाच्या राखणदाराला, दारूचा मान देण्याची रीतही याच मुलखात आहे. संयम आणि अर्पण दोन्ही जिथे नांदतात, तिथे या धंद्याला विचाराच्या बाहेर ठेवता येत नाही. शिवाय देवचाराला मान देणारा माणूस सांधा लिंपायचे सोडत नाही. श्रद्धेने त्याची चार कारणे गिळलेली नसतात.

याहून वजनदार आक्षेप असा, की कर्ता पाचांतला एकच असेल तर जबाबदारी कुणाचीच उरत नाही. मला उलट दिसते. 'चूक माझी' म्हणून कपाळ बडवणारा उद्याही त्याच तडकलेल्या मातीने सांधा लिंपेल. दोष कुठे आहे हे शोधणाऱ्याला मात्र माती बदलावीच लागते. अपघातातून शिका, असे दुरून सांगणे मात्र मला क्रूर वाटते. फुटलेले भाण गरिबाचा अख्खा हंगाम नेते, आणि भाजलेला हात शिकवणीची किंमत म्हणून मागण्याचा हक्क कुणालाच नाही. म्हणून एका भट्टीवर माती का तडकली, जाळ किती होता, पाणी केव्हा बदलायला हवे होते, हे शेजारच्या भट्टीवर त्याच दिवशी कळायला हवे, तिथला रस भाणात चढण्याआधी.