दत्तप्रभूंच्या पायाशी श्वान आणि आमचं भाड्याचं घर

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

दत्तभक्ताच्या घरात दत्तप्रभूंची तसबीर असतेच. तीन शिरे, सहा हात, मागे गाय आणि पायाशी चार श्वान. गाय म्हणजे पृथ्वी आणि चार श्वान म्हणजे चार वेद, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. माझ्याकडे लग्नात माहेरहून आलेली अशी तसबीर आहे. पंचेचाळीस वर्षं तिला रोज फूल वाहिलं, पण त्या चार श्वानांकडे कधी नीट पाहिलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी पाहायची वेळ आली. तेव्हा मनात जो प्रश्न उभा राहिला तो आज वाचकांपुढे ठेवते. आपल्या दुःखाला आधार म्हणून एखादा मुका जीव घरी आणावा का? आणि आणायचा झाला, तर त्यासाठी खोटं बोललेलं चालेल का?

आमची कोथरूडची सोसायटी पुनर्विकासाला गेली. उतारवयात आम्ही दोघं भाडेकरू झालो. बिल्डर भाड्याचे पैसे देतो, आपण घर शोधायचं, अकरा महिन्यांचा करार करायचा, मुदत संपली की पुन्हा मालकाच्या तोंडाकडे पाहायचं. नव्या जागेत जाऊन आठ महिने झाले आणि हे गेले. रात्री जेवून झोपले ते उठले नाहीत. जुन्या बिल्डिंगमध्ये असते तर महिनाभर दार लागलं नसतं, कोणी ना कोणी येऊन बसलं असतं. इथे मजल्यावरच्या चार दारांपैकी तीन दारांमागे कोण राहतं हेही मला ठाऊक नव्हतं.

दिवस कसाबसा जाई. पहाटे तीनला जाग येई आणि मग छातीवर कोणी पाटा ठेवल्यासारखं होई. माळ हातात घेई, मणी सरकत, मन मात्र जागचं हलत नसे. लेक अमेरिकेत, ती रोज फोन करी. तिच्याच आग्रहाने डॉक्टरांकडे गेले. त्यांनी गोळ्या दिल्या, रोज चालायला सांगितलं आणि म्हणाले, "काकू, घरात एखादा जीव असू द्या. तुम्हाला कोणासाठी तरी उठावं लागेल असं काहीतरी हवं."

योगायोग असा, की आमच्या जुन्या बिल्डिंगमधले एक गृहस्थ त्याच सुमारास मुलाकडे परदेशी कायमचे निघाले होते. त्यांचा मोती, तपकिरी रंगाचा गावठी कुत्रा, सात वर्षांचा. त्याला मी पिल्लू असल्यापासून ओळखत होते. सोसायटी पडली तशी माझ्याप्रमाणे त्याचीही जागा गेली होती. मी त्याला घेऊन आले.

पहिल्या दिवशी सकाळी सहाला त्याने नाकाने माझा हात ढोसला. त्याला खाली न्यायचं होतं. मी उठले, चपला घातल्या आणि कित्येक आठवड्यांनी उगवतीचं ऊन अंगावर घेतलं. काही चमत्कार झाला नाही. गोळ्या चालूच होत्या, तीनला जागही येई. फक्त अंधारात कोणीतरी श्वास घेतंय एवढं ऐकू येई, आणि त्या श्वासाच्या लयीत माळ पुढे सरकू लागली.

आता चुकीचं सांगते. करारात स्पष्ट कलम होतं, पाळीव प्राणी ठेवायचा नाही. त्यावर आमच्या ह्यांची सही होती आणि माझीही. मी मालकांना विचारलं नाही. मोतीला पहाटे आणि रात्री उशिराच खाली नेई. तो भुंकला की टीव्हीचा आवाज वाढवी. एकदा मालकांचा फोन आला, "वहिनी, कुत्रा ऐकू येतो म्हणतात." मी बोलून गेले, "भाचीचा आहे हो, दोन दिवसांपुरता आलाय." भाची माझी नागपूरला, तिच्याकडे कुत्रा नाही. फोन ठेवला आणि देवघरासमोरून जाताना मान खाली गेली.

लेकीला सांगितलं तर ती म्हणाली, "आई, इकडे असं लपवावं लागत नाही." ती न्यू जर्सीत भाड्याने राहते, तिची एक मांजर आहे. मागे तिला मनाचा फार त्रास झाला होता. तेव्हा तिच्या समुपदेशक बाईंनी, हिला या प्राण्याची गरज आहे, असं पत्र दिलं. तिथे 1968 सालचा घरांविषयीचा कायदा आहे, 1988 साली त्यात अपंगत्वही धरलं गेलं. त्यामुळे खरी गरज असेल तर 'प्राणी नको' असा नियम असलेल्या घरमालकालाही सवलत द्यावी लागते आणि त्या प्राण्यापोटी जादा पैसे घेता येत नाहीत. 'इमोशनल सपोर्ट अ‍ॅनिमल', म्हणजे मनाला आधार देणारा प्राणी, असं त्याला म्हणतात.

चांगली गोष्ट आहे. पण माणूस तिथूनही पळवाट काढतोच. पैसे भरले की घरबसल्या तसं पत्र देणारे निघाले. 2018 साली न्यूअर्क विमानतळावर एक बाई आधाराचा प्राणी म्हणून चक्क मोर घेऊन आल्या होत्या, त्यांना विमानात चढू दिलं नाही. पुढे 2021 पासून, अशा प्राण्यांना नेहमीच्या पाळीव प्राण्यांसारखंच धरायची मुभा तिथल्या विमान कंपन्यांना सरकारने दिली. ज्यांची गरज खरी होती त्यांचीही सोय त्यात गेली. एकाच्या खोट्याची किंमत दुसऱ्याच्या खऱ्याला मोजावी लागते, ती अशी.

इथे कोणी म्हणालं, "तुम्हीही नेटवरून तसं सर्टिफिकेट काढा." चौकशी केली. आपल्याकडे त्या नावाची सवलत कायद्यात नाही, त्या कागदाला घरमालकापुढे किंमत नाही. आपल्याकडे आहे ते असं: राज्यघटनेच्या 51 अ कलमात प्राणिमात्रांवर दया हे नागरिकाचं कर्तव्य म्हटलं आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवू नये म्हणून 1960 चा कायदा आहे. आणि सोसायटीला बहुमताचा ठराव करूनही कुत्रा पाळायला बंदी घालता येत नाही, असं प्राणी कल्याण मंडळाने 2015 च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटलं आहे. पण सोसायटीचा ठराव वेगळा आणि मी स्वतः सही केलेला करार वेगळा. माझी गरज खरी होती. म्हणून माझं खोटं खरं होत नव्हतं.

शेजारच्या एका काकूंना मोतीचं कळलं. त्या सत्संगाच्या, मनाने चांगल्या. म्हणाल्या, "अहो, या वयात हा मोह कशाला? नाम पुरेसं नाही का? अवधूताच्या त्या कपोताचं काय झालं, ठाऊक आहे ना?"

ठाऊक होतं. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो, त्यात कपोत आठवा. पारध्याच्या जाळ्यात पिल्लं सापडली, त्यांच्यामागे कपोती गेली, तिच्यामागे कपोतही डोळे मिटून जाळ्यात शिरला. त्या रात्री मला झोप आली नाही. माझी भक्तीच कमी पडते का, म्हणून नामाच्या जागी कुत्रा लागतो?

पुष्कळ विचार केला. माझ्या अल्पमतीला वाटतं, कपोताने पिल्लांवर माया केली हा त्याचा दोष नव्हे. समोर जाळं दिसत असूनही त्याने विचार सोडला, हा दोष. माया आणि मोह यांच्यात एवढंच अंतर असावं, की मायेला पुढचं दिसतं आणि मोहाला दिसेनासं होतं. आणि नामाचं म्हणाल, तर अवधूताने देवाशिवाय दुसरं काही पाहिलंच नाही असं कुठे आहे? त्याने तर मधमाशी, अजगर, कोळी यांनाही गुरू केलं. नाम घ्यायला माणूस आधी अंथरुणातून उठावा लागतो. मला मोतीने उठवलं.

त्याच चोवीसांत सापही आहे. तो स्वतःचं घर बांधत नाही, दुसऱ्याने केलेल्या बिळात राहतो. हे वाचताना पूर्वी मी पुढे जायचे. या वेळी हसू आलं, हा तर आम्हा भाडेकरूंचा गुरू! दुसऱ्याच्या जागेत राहायचं तर ती आपली नाही हे विसरू नये, एवढा धडा मी त्याच्याकडून घेतला.

मग धर्मराज आठवला. महाप्रस्थानात भाऊ पडले, द्रौपदी पडली, शेवटपर्यंत सोबत राहिला तो कुत्रा. इंद्र रथ घेऊन आला आणि म्हणाला, स्वर्गात कुत्र्याला जागा नाही. म्हणजे 'प्राणी नको' हे कलम थेट तिथपर्यंत आहे! आश्रयाला आलेल्याला टाकून येणार नाही, असं धर्मराजाने सांगितलं, हे आपण सगळे जाणतो. पण मला त्या दिवशी दुसरंच दिसलं. त्याने कुत्रा शेल्याखाली लपवून रथात नेला नाही. समोर उभं राहून सांगितलं, आणि त्यापायी स्वर्ग गेला तर जाऊ दे म्हणून तयारी ठेवली. टाकलंही नाही आणि लपवलंही नाही. मी टाकत नव्हते, पण लपवत होते.

पुढच्या गुरुवारी आरती आटोपून मालकांच्या घरी गेले. म्हटलं, "भाऊ, मी तुमच्याशी खोटं बोलले. कुत्रा माझा आहे. तुम्ही म्हणाल तर दोन महिन्यांत जागा सोडते, पण त्याला सोडणार नाही." पाय कापत होते. या वयात कुत्र्यासकट एकट्या बाईला कोण घर देणार, हे मला कळत होतं.

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "वहिनी, ते कलम मी उगीच घातलेलं नाही. आधीचे भाडेकरू हौसेने कुत्रा घेऊन आले. बदली झाली तसे त्याला गच्चीवर बांधून निघून गेले. चार दिवसांनी मला कळलं. मीच पाणी पाजलं त्याला. वाचला नाही." थोडं थांबून त्यांनी विचारलं, "तुमच्यानंतर ह्याचं कोण?"

वाचकहो, हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नव्हता. मला आधार हवा होता, तो मिळाला, एवढंच मी पाहिलं होतं. त्याचा आधार मी आहे आणि मी सदुसष्ट वर्षांची आहे, हे पाहिलं नव्हतं. ते दिसलं नाही तेव्हा मीच कपोत होते.

आठ दिवसांची मुदत मागून घेतली. पुण्यातल्याच पुतण्याशी बोलले. त्याने आधी घरात विचारलं, मुलांना मोतीकडे आणून दाखवलं, मग हो म्हणाला. ते कागदावर लिहून घेतलं. पालिकेचा परवाना काढला. रेबीजची लस दरवर्षी ठरल्या तारखेला द्यायची, तिची वही केली. मालकांनी अनामत थोडी वाढवून घेतली, दारं-भिंती खराब झाल्या तर भरून द्यायचं ठरलं आणि करारात तसं लिहिलं. सही करताना या वेळी हात जड वाटला नाही.

वाचकांपैकी कोणी असा विचार करत असेल तर अनुभवाच्या चार गोष्टी सांगते. पिल्लू आणू नका, ते दहा-बारा वर्षं जगतं आणि पहिली दोन वर्षं धावडवतं. वयाने पोक्त जीव आणा, त्यांना कोणी नेत नाही. प्रसादाचा शिरा प्रेमाने पुढे करू नका, त्यातले बेदाणे कुत्र्याला विषासारखे असतात, कांदा आणि चॉकलेटही तसंच. दिवाळीत फटाक्यांच्या वेळी त्याला आतल्या खोलीत घेऊन बसा. सोवळ्या-ओवळ्याचं विचाराल तर मोती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर बसतो, त्याला कोणी शिकवलं नाही. आपल्या पूर्वजांनी रोजच्या जेवणाआधी गोग्रासाबरोबर श्वानाचाही घास काढून ठेवायला सांगितलं, हे मी त्याला वाढताना मनात आणते. आणि डॉक्टरांच्या गोळ्या त्यांना विचारल्याशिवाय बंद करू नका. कुत्रा औषधाच्या जागी नाही, औषधाच्या जोडीला आहे.

सोसायटीचं बांधकाम अजून सातव्या मजल्यावर अडलं आहे. करार पुढच्या चैत्रात संपतो, मालक वाढवून देतील की नाही सांगता येत नाही. मोतीच्या तोंडाभोवती पांढरं आलं आहे, जिना चढताना तो मधे थांबतो आणि मीही थांबते. दोघांपैकी आधी कोण जाईल ते दत्तप्रभू जाणोत.

तसबिरीतल्या चार श्वानांकडे आता रोज पाहते. एकाच्याही गळ्यात दोरी नाही. त्यांना कोणी बांधलेलं नाही आणि लपवलेलंही नाही. प्रभूंच्या पायाशी, सगळ्यांच्या देखत, ते मोकळे बसले आहेत. ज्याचा आधार घ्यायचा त्याला असं उजेडात बसवता आलं पाहिजे, आणि आपणही त्याचा आधार आहोत हे विसरता कामा नये. पंचेचाळीस वर्षं फूल वाहिल्यावर एवढंच मला कळलं.

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त.