बाई पाण्याला गेली होती



यंदाच्या माघात एका गावी अखंड हरिनाम सप्ताहात आमची कीर्तनसेवा होती. पाचव्या रात्री आम्ही तेरच्या गोरोबाकाकांचे आख्यान लावले. हे आख्यान आम्ही पस्तीस वर्षे सांगत आलो. चिखल तुडविता तुडविता काका नामात असे रंगले, की रांगत आलेले पोटचे पोर पायाखाली आले तरी भान आले नाही. हा प्रसंग आला की मंडपात हुंदके फुटतात. त्या रात्रीही फुटले. आम्ही समाधानाने नारळ-प्रसाद घेऊन उठलो.

तेवढ्यात मागच्या बाजूने एक बाई पुढे आली. कडेवर दोन वर्षांचा मुलगा, झोपेने मान टाकलेला. बाईला दिवस गेलेले. पाचवा महिना असावा. वाकणे जड जात होते, म्हणून आम्ही म्हटले, "पोरी, उभ्यानंच नमस्कार कर." नमस्कार करून ती तिथेच थांबली.

"महाराज, एक विचारू? राग मानू नका. काकांची बाई पाण्याला गेली होती ना? पोराकडं लक्ष ठेवा म्हणून सांगून गेली होती ना?"

"होय."

"तिला सांगायला निदान कुणी होतं. मी पोर कुणावर टाकून जाऊ?"

आम्हांला उत्तर सुचेना. मग हळूहळू सगळे कळले. लग्न झाल्यापासून दर सप्ताहात ही बाई ज्ञानेश्वरीच्या पारायणाला बसत असे. बी.ए.चे शेवटचे वर्षही तिने मुक्त विद्यापीठातून धरले होते. यंदा पारायणाच्या पहिल्याच दिवशी मुलाने पोथीचे पान ओढले. पाठीत कळ आली, मांडी घालून बसवेना. ती उठली ती पुन्हा बसलीच नाही. अभ्यासाची पुस्तके फडताळात धूळ खात पडली. सासरे मंडपात वीणा घेऊन उभे होते, नवरा मृदंगावर होता, सासूबाई पारायणाला बसल्या होत्या. घरातल्या साऱ्यांचा नेम चालला होता. मोडला होता तो एकटीचाच. आणि ती म्हणत होती, "माझ्यातच काहीतरी कमी असंल, महाराज. बाकीच्या बाया करतात की!"

माउलींनो, त्या रात्री आम्हांला झोप लागली नाही. गोरोबाकाकांची समाधी आम्ही पस्तीस वर्षे सांगितली, पण घागर घेऊन विश्वासाने निघून गेलेली ती माउली आमच्या कीर्तनात दोन वाक्यांच्या पुढे कधी आलीच नाही. काकांची अवस्था थोर होती, पुढे पांडुरंगाने ते मूलही परत दिले. परंतु काकांची ती अवस्था आपल्याला लाभलेली नाही. आपण नुसते टाळ वाजवितो, आणि पोर मात्र तिच्या कडेवर ठेवून देतो.

आता आमच्याच घरचे सांगतो. आमचा पहाटेचा हरिपाठ चाळीस वर्षांत चुकला नाही, असे लोक कौतुकाने म्हणतात, आणि आम्हांलाही ते ऐकायला गोड वाटते. पण आमची मुले लहान असताना त्या घटकेला रडणारे पोर घेऊन अंगणात कोण फिरत होते? आमचे कुटुंब. तिचाही हरिपाठ होता. माहेराहून घेऊन आलेली होती. तो केव्हा बंद पडला हे आम्हांला आजही सांगता येत नाही, कारण आम्ही कधी विचारलेच नाही. आमचा नेम टिकला तो तिचा मोडला म्हणून. हे आम्ही आज प्रथमच लिहीत आहो.

सकाळी त्या बाईला आम्ही बोलावून घेतले आणि जे सांगितले तेच येथे मांडतो. कारण अशा लेकी गावोगावी आहेत.

पहिली गोष्ट ही, की नेम वेगळा आणि नेमाचे माप वेगळे. तान्हे मूल भाकर खात नाही म्हणून त्याला कोणी उपाशी ठेवीत नाही. वाटीभर दूध पाजतात. नेमाचेही तसेच. सात दिवसांचे पारायण होत नाही ना? मग दिवसाला दहा ओव्या. ज्ञानेश्वरीच्या ओव्या सुमारे ९,०००. रोज १० धरल्या तर ९०० दिवस, म्हणजे अडीच वर्षे. पोटातले बाळ दुडदुडू लागेल तेव्हा अठरावा अध्याय संपलेला असेल. एखादा दिवस चुकला, तर चुकलेल्याचा बोजा दुसऱ्या दिवशी डोक्यावर घेऊ नये. खूण घातलेली असते, तिथूनच पुढे चालावे. मांडी घालवत नसेल तर खुर्चीवर बसावे, भिंतीला टेकावे. देव आसन मोजीत नाही.

दुसरी गोष्ट उपवासाची. पोटात बाळ असताना निर्जळी एकादशी करू नये. दूध, फळे, राजगिरा घ्यावा, आणि डॉक्टरांनी जेवा म्हटले तर सरळ जेवावे. त्याने व्रत मोडत नाही. लोह आणि फॉलिक आम्लाची गोळी चौथ्या महिन्यापासून किमान १८० दिवस रोज घ्यायची, बाळंतपणानंतरही १८० दिवस घ्यायची, असे सरकारी आरोग्य खात्याचे सांगणे आहे. ती चहाबरोबर घेऊ नये; चहाने लोह अंगी लागत नाही. दर महिन्याच्या ९ तारखेला गर्भार बायांची मोफत तपासणी २०१६ सालापासून सरकारी दवाखान्यांत होते. एकादशी जशी पंचांगात पाहतो, तशी ही ९ तारीखही घराने ध्यानात ठेवावी. अंगात रक्त नाही आणि ओठांवर ओवी आहे, असे माउलींना आवडले नसते.

तिसरी गोष्ट अभ्यासाची. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली नाशिकला निघाले, ते संसारामुळे वा नोकरीमुळे ज्यांचे शिक्षण राहिले त्यांच्यासाठीच. तेव्हा पुस्तके फडताळातून खाली काढावीत. यंदा सगळे विषय झेपणार नसतील, तर किती देता येतील हे अभ्यासकेंद्रावर विचारून घ्यावे. एक विषय दिला तरी वाट सोडली असे होत नाही. वारीत कोणी पुढे असतो, कोणी मागे. पण मागच्याला कोणी 'तू वारकरी नव्हेस' असे म्हणत नाही.

ती म्हणाली, "पण महाराज, हा देवाचा नेम आणि हे माझं शिकणं, दोन्ही एकाच पारड्यात कसं?"

आम्ही म्हटले, "शिऊरच्या संत बहिणाबाई ठाऊक आहेत ना? १६२८ सालचा त्यांचा जन्म. तुकोबांना गुरू मानले म्हणून घरात केवढा कल्लोळ झाला! गर्भार असताना पती घर सोडून जायला निघाले होते. पुढे मुलगी झाली, मुलगा झाला. एवढ्या संसारात त्यांनी अभंग केले, आपले चरित्र आपल्याच अभंगांत सांगितले, संस्कृतातली वज्रसूची मराठीत आणली. त्यांची भक्ती आणि त्यांचे लिहिणे या दोन वस्तू नव्हत्या. बुद्धी देवानेच दिली आहे, पोरी. ती राबवणे हीही सेवाच."

मग आम्ही तिच्या नवऱ्याला हाक मारली. चौथी गोष्ट त्याच्यासाठी होती. आम्ही म्हटले, "बाबा, मृदंगावर तुझा हात छान पडतो. पण तुझी बायको दहा ओव्या वाचायला बसेल तेव्हा तो मुलगा तुझ्या मांडीवर पाहिजे. आणखी अर्धा तास तिच्या पुस्तकासाठी. एवढा वेळ घरात कोणी तिला हाक मारायची नाही. चहा हवा असेल तर आपला आपण करून घ्यायचा. पोर रडले तर 'आईकडं जा' म्हणायचे नाही, खांद्यावर घेऊन गावदेवाच्या पारापर्यंत फिरवून आणायचे. आपल्या जनाबाईंना विठोबा दिसला तोही पोरे अंगाखांद्यावर घेतलेलाच दिसला. त्याला लाज वाटली नाही, तर तुला रे कसली वाटते?"

तो पोरगा हसला, मग खाली पाहू लागला. वीणेकरी सासरे शेजारीच उभे होते. ते एवढेच म्हणाले, "आमच्या ध्यानातच आलं नाही, महाराज."

हेच तर आहे. आपण दुष्ट नाही. आपल्या ध्यानात येत नाही. पुढे टाळ-मृदंगाचा गजर चाललेला असतो आणि मंडपाच्या मागे, चपलांच्या ढिगापाशी, एक बाई पोराला थोपटत उभी असते. कीर्तन तिच्याही कानांवर पडते, पण तुकड्यातुकड्यांनी.

आषाढीला पंढरपुरी वाळवंटात ते सासरे भेटले. आम्ही विचारले, "मुलगा दिसला नाही दिंडीत?"

"यंदा त्यानं वारी घरातच ठेवली," म्हातारबाबा म्हणाले. "नात झाली. सूनबाईची आई आली आहे. बाळंतपणात डोळ्यांना ताण नको म्हणून रोजच्या दहा ओव्या पोरगाच तिला वाचून दाखवतो, नातू त्याच्या मांडीवर असतो. सहावा अध्याय लागला बघा. पुस्तकं अजून उघडली नाहीत, पण फडताळातून निघून उशाशी आलीत."

आम्ही तिथेच चंद्रभागेकडे तोंड करून हात जोडले. पस्तीस वर्षे सांगितलेल्या आख्यानाचा राहिलेला भाग त्या घराने पुरा केला. बाई पाण्याला गेली, आणि ती परत येईपर्यंत कोणीतरी पोराकडे लक्ष ठेवले.

घरी परतल्यावर आम्हीही एका सकाळी कुटुंबाला विचारले, "तुमचा हरिपाठ कुठवर पाठ आहे?" ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "सुरुवात करा. येईल बरोबर." आता दोघे मिळून म्हणतो. तिला कुठे अडते तिथे आम्ही थांबतो.

पुंडलीकवरदा हरि विठ्ठल!