मरळीची पोरं

पैठणात गोदावरीला गंगाच म्हणतात. आमच्या शेजारच्या तात्यांचा सगळा जन्म या गंगेवर गेला. जात भोयाची, धंदा मासे धरायचा. १९७६ साली जायकवाडीचं धरण पुरं झालं तेव्हा ते विशीत होते. त्याआधी त्यांचे वडील वाहत्या पाण्यात पाग फेकायचे. पुढे नाथसागराचं पाणी पसरलं, वरची गावं आणि मळे त्याखाली गेले, आणि भोयांना मात्र बारमाही पाणी मिळालं. तात्या या दोन्ही गोष्टी नेहमी एकाच दमात सांगतात. एकीचं सुख सांगताना दुसरीचं दुःख ते विसरत नाहीत. म्हणून त्यांच्या शब्दावर माझा विश्वास आहे, आणि म्हणूनच ही हकिगत लिहितो आहे.

गेल्या काही वर्षांत जाळ्यात मोठा रोहू येईनासा झाला. कटला दिसला तर मुलं बघायला धावायची. तात्यांनी आधी पाणकावळ्यांना दोष दिला. मग बाहेरून येऊन थर्माकोलच्या तराफ्यावर जाळी लावणाऱ्यांना, मग खाली येणाऱ्या घाण पाण्याला. यातलं काहीच अगदी खोटं नव्हतं. पण याच काळात त्यांनी स्वतः एक बारीक आसाचं जाळं विकत आणलं. आस इतका बारीक, की त्यातून करंगळीही जाऊ नये. त्यात बोटाएवढी पिल्लं यायची, ज्यांना मत्स्यखात्याची माणसं बोटुकली म्हणतात. वजन काहीच नाही, पण वाटे घालून विकली की दिवसाचा खर्च निघायचा. थोरल्या मुलाच्या डोक्यावर कर्ज होतं. तात्यांनी हे जाळं हौसेनं आणलं नव्हतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

त्यांची धाकटी लेक न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला नर्स आहे. तिच्या बाळंतपणासाठी काकू आणि तात्या तिकडे गेले. आपला ज्येष्ठ म्हणजे तिकडचा हिवाळा. बाळ दोन महिन्यांचं झालं तेव्हा जावईबापूंनी सासऱ्यांना आवडेल अशी एक सहल ठरवली. ऑकलंडहून चार तासांवर तुरांगी नावाचं छोटं गाव आहे. तिथं टोंगारिरो नदी टाउपो सरोवराला मिळते. हे सरोवर ६१६ चौरस किलोमीटरचं, आपल्या नाथसागराहून बरंच मोठं. मासे धरायला जगभरातून माणसं तिथं येतात, लाकडी लॉजमध्ये उतरतात, आणि रोजाच्या वाटाड्याबरोबर पहाटे नदीत उतरतात. मासा एकच, ट्राउट.

नदीत उतरण्याआधी तात्यांच्या नावानं परवाना काढला. वाटाड्यानं छातीपर्यंत येणारी रबरी तुमान त्यांना चढवली आणि बुटांचे तळवे घासून धुवायला लावले. तात्यांनी विचारलं, "नदीतच जायचंय ना, मग धुवायचे कामून?" लेकीनं वाटाड्याचं उत्तर मराठीत सांगितलं: दुसऱ्या नदीतलं शेवाळ बुटाला चिकटून या नदीत येऊ नये म्हणून. तसं एक शेवाळ २००४ मध्ये तिथल्या दक्षिण बेटावरच्या नद्यांत सापडलं होतं, तेव्हापासून ही काळजी. तात्या काही बोलले नाहीत. त्यांनी बूट दुसऱ्यांदा घासले.

मग वाटाड्यानं डबी उघडली. आत गळ होते, पण गळाला ना गांडूळ, ना कणकेची गोळी. पिसं, केस आणि दोरा गुंडाळून हुबेहूब किडे केलेले. गळाला वजन नसतं, वजन दोरीला असतं. ती जाड दोरी डोक्यावरून मागं-पुढं झुलवत पाण्यावर टाकायची, म्हणजे किडा अलगद जाऊन बसतो. तात्यांच्या हाताला हे चौथ्या-पाचव्या खेपेला जमलं. वाटाड्याला नवल वाटलं. मला नाही वाटलं. चाळीस-पन्नास वर्षं पाग फेकणाऱ्या खांद्याला लय शिकवावी लागत नाही.

पण त्या डबीत एक गोष्ट होती जिच्यावर तात्यांची नजर अडकली. मटारपेक्षा लहान, लोकरीचा नारिंगी गोळा. वाटाड्या म्हणाला, हे ट्राउटचं अंडं. खरं नव्हे, नक्कल. थंडीत ट्राउट सरोवरातून नदीत वर चढते, गोट्यांमध्ये खड्डा करून अंडी घालते. काही अंडी प्रवाहात वाहून येतात, ती खायला मागच्या ट्राउट टपलेल्या असतात.

"म्हंजे चढणीचा मासा!" तात्या एकदम म्हणाले. लेकीला इंग्रजी शब्द सापडेना. तात्यांनीच हातानं पाणी आणि वर जाणारा मासा करून दाखवला. वाटाड्या हसून मान हलवायला लागला. आपल्याकडे मृगात-आर्द्रात नवं पाणी आलं की नाथसागरातला मासाही असाच कायगाव टोक्याकडे, प्रवरासंगमाकडे वर चढतो. बारा हजार किलोमीटरवरच्या नदीत, उलट्या ऋतूत, तात्यांना आपलंच पाणी भेटलं होतं.

वाटाड्या तिथल्या माओरी लोकांतला होता. दुपारी काठावर डबे उघडल्यावर त्यानं सांगितलं की ट्राउट इथली नव्हेच. १८६४ साली 'नॉरफोक' नावाच्या जहाजातून इंग्लंडहून तिची अंडी बर्फ आणि शेवाळात बांधून टास्मानियाला आणली. तिथून १८६७ मध्ये तपकिरी ट्राउट न्यूझीलंडला आली, आणि १८८३ मध्ये कॅलिफोर्नियाहून इंद्रधनुषी. टाउपोत तिला सोडलं तेव्हा सरोवरातला कोआरो नावाचा इवलासा मासा, जो त्याच्या पूर्वजांचं रोजचं अन्न होता, तिनं खाऊन फार कमी केला. आता तिच्यावरच गावाचं पोट आहे. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती, पण विसरही नव्हता. तात्यांना हे ओळखीचं वाटलं असणार. रोहूसुद्धा मूळचा उत्तरेच्या नद्यांचा, माणसांनी इकडं आणून सोडलेला.

मग त्यानं विचारलं, "तुमच्या पाण्यात मोठा मासा किती मोठा मिळतो?"

तात्या म्हणाले, "आता मोठा नाही ऱ्हायला."

"कोणी खाल्ला?"

लेकीनं एवढेच दोन शब्द मराठीत सांगितले. तात्यांकडे पाणकावळे होते, तराफेवाले होते, घाण पाणी होतं. त्यातलं एकही त्यांच्या तोंडून निघालं नाही. त्यांनी भाकरीचा तुकडा तोडला आणि नदीकडे बघत चावत राहिले.

तिसऱ्या प्रहरी त्यांच्या दोरीला झटका बसला. वीसेक मिनिटं ते मासा खेळवत होते. वाटाड्या शेजारी उभा होता, पण त्यानं हात लावला नाही. अखेर दोनेक किलोची ट्राउट जाळीच्या पिशवीत आली. कुशीवर गुलाबी पट्टा, अंगभर काळे ठिपके. वाटाड्यानं सांगितलं, "आधी हात ओले करा. कोरड्या हातानं तिच्या अंगावरचा चिकट थर निघतो, मग ती आजारी पडते." आणि पुढं म्हणाला, "मापात बसते. परवाना तुमचा आहे. ठेवायची की सोडायची, तुम्ही ठरवा."

लेक म्हणाली, "तात्या, घेऊ या की. लॉजवर शिजवून देतात." त्या देशात ट्राउट विकायला कायद्यानं बंदी आहे. बाजारात मिळत नाही, हॉटेलात मागवता येत नाही. स्वतः धरली तरच खायला मिळते. घरची बाळंतीण, थंडीचे दिवस. लेकीचं काही चुकत नव्हतं.

तात्यांनी ओल्या हातानं ट्राउट धरली. अंगठा पोटाखाली गेला. पोट गच्च भरलेलं. अंड्यांचा भार भोयाच्या बोटांना कोणी सांगावा लागत नाही.

त्यांनी तिचं तोंड प्रवाहाकडे केलं, गळ हलकेच काढला आणि पाण्याखालीच तिला धरून राहिले. तिचे कल्ले उघडायला, मिटायला लागले. शेपटीत जोर आला तेव्हा त्यांनी बोटं सैल केली.

हे सगळं तात्यांनी मला पैठणला परतल्यावर नागघाटावर बसून सांगितलं. मी विचारलं, का सोडली? वाटाड्याचं बघून? ते म्हणाले, "नाही गुरुजी. त्या लोकांचं सोडणं मला अजून पुरतं पटलेलं नाही. खायचा नसला तर जीवाला गळ कशाला लावायचा? पोटासाठी मासा मारला त्याचं मला पाप वाटत नाही. खेळासाठी त्याला दमवायचं, हे मला जड जातं." तात्यांचा हा प्रश्न मला बरोबर वाटतो, आणि त्याचं उत्तर माझ्याकडे नाही.

"मग?"

"तो नारिंगी गोळा बघितला तवाच पोटात कालवलं होतं."

आणि त्यांनी मरळीची गोष्ट सांगितली. मरळ पोरं झाल्यावर त्यांना सोडून जात नाही. नर-मादी दोघं उथळ, गवताळ पाण्यात पिल्लांच्या थव्याखाली पहारा देतात. पिल्लं लाल-नारिंगी रंगाची. शेकडो पिल्लांचा तो गोळा पाण्यावर तरंगताना फुलासारखा दिसतो, आणि जवळ काही आलं की खालून आई झेप घेते. तात्यांचे वडील हा गोळा दिसला की होडी वळवायचे. म्हणायचे, पोरं सांभाळतीय, तिला हात लावायचा नाही. हे कुठं लिहिलेलं नव्हतं. कोणी दंड करणारं नव्हतं. सगळी भोयवाडी पाळायची.

मागच्या पावसाळ्यात धरणाच्या कडेला तात्यांना असाच नारिंगी गोळा दिसला. मरळीला भाव चांगला येतो, आणि त्या आठवड्यात मुलाच्या कर्जाचा हप्ता होता. त्यांनी गळाला बेडकी लावली आणि त्या गोळ्याच्या मधोमध सोडली. पोरांना वाचवायला आई पहिल्याच झटक्यात आली.

"संध्याकाळपस्तोर गोळा तिथंच फिरत होता," तात्या म्हणाले. "दुसऱ्या दिवशी गेलो तर दोन-चार पिल्लं. तिसऱ्या दिवशी काहीच नाही. हे मी बायकोलाही सांगितलं नव्हतं. त्या नदीत अंगठा पोटाला लागला, आन् पाणी तिकडचं, पण मरळ हितली."

परत आल्यावर घरात भांडण झालं, आणि ते मोठं झालं. तात्यांनी बारीक जाळं होडीतून उतरवलं. थोरला मुलगा म्हणाला, "आपण सोडलेलं पोर शेजारच्याच्या जाळ्यात जाणार. मग सोडून काय मिळवलं? हप्ता तुम्ही भरणार का?" मुलगा चुकीचं बोलत नव्हता. त्या नदीवर परवाना आहे, मापं आहेत, तपासणारी माणसं आहेत. इथं एकट्या घरानं हात आखडला तर भूक त्या घराचीच. मोठ्या आसाच्या जाळ्यात पहिल्या पंधरवड्यात इतकं कमी आलं, की काकूंनी शेजारून पीठ मागून आणलं. तात्यांनी लेकीकडून पैसे मागवले नाहीत. हप्त्यासाठी आपली जुनी होडी विकली आणि मुलाच्या होडीवर वल्हं मारायला बसले.

रोज संध्याकाळी ते घाटावर एकेका घरच्या माणसाजवळ जाऊन बसत. भाषण करत नसत. मरळीची गोष्ट सांगत, स्वतःचं नाव घेऊन, बेडकी आणि हप्त्यासकट. काही जण ऐकून उठून जात. एकानं तोंडावर सांगितलं, तात्या, तुम्ही परदेश बघून आलात, आम्हाला इथंच जेवायचंय. तात्यांनी त्याला उलट उत्तर दिलं नाही. दुसऱ्या संध्याकाळी ते पुन्हा त्याच्याच शेजारी जाऊन बसले.

नाशकाकडचं पाणी आलं. धरण भरायला लागलं, मासा वर चढायला लागला. या दिवसांत मला एक जुनी गोष्ट आठवत राहिली. मी शिक्षक होतो. मुलांना एकनाथमहाराजांची तहानलेल्या गाढवाची गोष्ट कितीतरी वर्षं सांगितली. रामेश्वराला न्यायची कावडीतली गंगा महाराजांनी वाळूत तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात ओतली. कावड रिकामी झाल्यावर महाराजांच्या घरात काय झालं, हे मी कधी विचारात घेतलं नव्हतं. तात्यांच्या घरातलं ते उसनं पीठ बघितल्यावर घेतलं.

श्रावण संपेपर्यंत आमच्या घाटावरच्या अकरा घरांपैकी चार घरांनी बारीक आसाची जाळी होडीतून काढली होती. सात घरांनी काढली नव्हती. तात्यांचं जाळं परसात मिरचीच्या वाफ्यावर ताणलेलं आहे. चिमण्या आता रोपं उपटत नाहीत.