कुंपण शेत खाते तेव्हा

अंगावर पित्त उठणे ही आपल्या घरांत कुणाला नवी गोष्ट नाही. हातापायांवर, पाठीवर, पोटावर लालसर गांधी येतात, खाज सुटते, माणूस बेजार होतो. मग अंगाला आमसुलाचे पाणी लावावे, एखादी गोळी घ्यावी आणि दुसऱ्या दिवशी सारे विसरून कामाला लागावे, हा नित्याचा अनुभव आहे. परंतु काहींच्या बाबतीत हे पित्त जाण्याचे नाव घेत नाही. गांधी वारंवार येत राहिल्या आणि सहा आठवडे उलटूनही थांबल्या नाहीत, तर वैद्यकशास्त्र त्या विकाराला जुनाट मानते. एकेक गांध बहुधा चोवीस तासांच्या आत मावळते. पण तोवर दुसरीकडे नवी उठलेली असते. शंभर माणसांत एखाद्याला हा विकार जडलेला असतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांना तो अधिक होतो. त्याने जीव सहसा जात नाही. झोप जाते, कामातले लक्ष जाते, चारचौघांत वावरण्याची उमेद जाते. बहुतेकांच्या बाबतीत काही वर्षांनी तो आपोआप शमतो, पण ती वर्षे काढायची असतात.

या विकाराचा विचार आम्ही येथे करीत आहोत तो औषध सुचवण्यासाठी नव्हे. त्याच्या निमित्ताने एक जुना नैतिक प्रश्न पुन्हा समोर उभा राहतो. दुःख आले म्हणजे त्यामागे कुणाचा तरी दोष असलाच पाहिजे काय?

आपली पहिली प्रतिक्रिया पाहावी. ‘असे का झाले?’ हा प्रश्न आपण क्षणभरच विचारतो. लगेच तो ‘हिने काय केले?’ असा होतो. ‘पित्त’ या शब्दातच अर्धा निवाडा दडलेला आहे. तिखट खाल्ले असेल, वांगे खाल्ले असेल, कोळंबी नाहीतर सुकी मासळी खाल्ली असेल, जागरण केले असेल, डोके तापट असेल. रुग्ण एकेक पदार्थ सोडत जातो आणि शेवटी पेज-भातावर येऊन ठेपतो, तरी गांधी येतच राहतात. जुनाट विकारात खाण्यातला एखादा पदार्थ खरा गुन्हेगार ठरल्याची उदाहरणे विरळाच असतात. आहारातून आरोपी सापडला नाही म्हणजे शोध मनाकडे वळतो: ‘तुझ्या मनातच काहीतरी आहे.’ तेथेही काही हाती लागले नाही तर अखेरीस घराण्याकडे बोट दाखवले जाते. शरीराची आग एक, आणि या चौकशीची आग दुसरी.

शास्त्राने या विकाराचा माग कसा काढला, ते पाहणे उद्बोधक आहे. आपल्या त्वचेत मास्ट पेशी नावाच्या पेशी असतात. जर्मन वैद्य पाउल एर्लिख यांनी 1878 साली आपल्या प्रबंधात त्यांचे वर्णन केले. या पेशींच्या पोटात हिस्टमिनसारख्या द्रव्यांचे दाणे भरलेले असतात. इशारा मिळताच ते बाहेर सांडतात, सूक्ष्म रक्तवाहिन्या पाझरतात, त्वचा फुगते आणि गांध उठते. पण इशारा देतो कोण? पुष्कळ काळ तो बाहेरून येतो असाच समज होता. शरीराची रक्षणव्यवस्था स्वतःच्याच शरीरावर उलटेल ही कल्पना खुद्द एर्लिखना विसाव्या शतकाच्या आरंभी असंभाव्य वाटली होती; निसर्ग अशा आत्मघाताला भितो, अशी त्यांची धारणा होती. 1993 साली लंडनमधील संशोधकांनी दाखवून दिले की, जुनाट शीतपित्ताच्या काही रुग्णांच्या रक्तात त्यांच्याच मास्ट पेशींना जाऊन चिकटणारी आणि त्यांना चेतवणारी प्रतिद्रव्ये असतात. शत्रू वेशीबाहेर नव्हताच. कुंपणच शेत खात होते.

आता कुंपण असे का वागते, हा पुढचा प्रश्न. त्याचा एक धागा आपल्याला सहाव्या गुणसूत्रापर्यंत नेतो. तेथे जनुकांचा एक दाट समूह आहे. त्यातील ज्या जनुकांशी आपल्याला येथे कर्तव्य आहे, त्यांना एच.एल.ए. म्हणतात. त्यांचा शोध 1958 च्या सुमारास लागला, आणि तो लागण्याची रीत मोठी अर्थपूर्ण आहे. फ्रान्समध्ये ज्याँ दोसे यांना वारंवार रक्त चढवलेल्या रुग्णांच्या रक्तात दुसऱ्यांच्या पांढऱ्या पेशींविरुद्धची प्रतिद्रव्ये आढळली. त्याच वर्षी हॉलंड आणि अमेरिकेतील संशोधकांना तशीच प्रतिद्रव्ये अनेक बाळंतपणे झालेल्या स्त्रियांच्या रक्तात सापडली. पोटातील मूल निम्मे पित्याचे. म्हणजे मातेच्या शरीराच्या दृष्टीने निम्मे परके. तिचे रक्त ते परकेपण ओळखते, आणि तरीही ती त्या मुलाला नऊ महिने पोटात वाढवते. दोसे यांना या कार्यासाठी 1980 चे नोबेल पारितोषिक इतर दोघांसमवेत मिळाले.

या जनुकांचे काम थोडक्यात सांगता येईल. त्यांच्या आज्ञेने बनणारे रेणू पेशींच्या पृष्ठभागावर तबकासारखे उभे असतात. पेशीतील प्रथिनांचे बारीक तुकडे त्या तबकात ठेवून ते पहारेकरी पेशींना दाखवले जातात. तुकडा आपला असेल तर पहारेकरी पुढे जातो, परका असेल तर हाकाटी करतो. तबकाचा आकार माणसागणिक वेगळा असतो. या जनुकांची तीस हजारांहून अधिक रूपे आजवर नोंदली गेली आहेत. कोणत्या तबकात कोणता तुकडा नीट बसेल हे त्या आकारावर ठरते, आणि म्हणून कुणाच्या शरीरात आपल्या-परक्याची गल्लत होण्याचा संभव अधिक, हेही काही अंशी त्यावर अवलंबून असते.

1999 साली ब्रिटनमधील संशोधकांनी जुनाट शीतपित्ताच्या शंभर रुग्णांची ही जनुके तपासली. डीआर-4 आणि डीक्यू-8 ही रूपे त्यांच्यात निरोगी लोकांपेक्षा अधिक प्रमाणात आढळली; ज्यांच्या रक्तात स्वतःविरुद्धची प्रतिद्रव्ये होती, त्यांच्यात हा संबंध विशेष ठळक होता. डीआर-4 चे नाव एका प्रकारच्या संधिवाताशीही जोडलेले आहे. पुढे अन्यत्र झालेल्या अभ्यासांत मात्र प्रत्येक वेळी हीच रूपे पुढे आली नाहीत. म्हणजे येथे ‘संबंध’ हा शब्द जपून वापरला पाहिजे. संबंध म्हणजे कारण नव्हे. डीआर-4 अंगी असलेल्या असंख्य माणसांच्या अंगावर आयुष्यात असे पित्त उठत नाही, आणि ते रूप नसलेल्यांच्या अंगावरही उठते. बी-27 हे याच कुळातील रूप पाठीचा कणा ताठरवणाऱ्या एका विकाराच्या बहुतेक रुग्णांत सापडते, हे 1973 पासून ठाऊक आहे. तरीही बी-27 असलेल्या बहुसंख्य लोकांना तो विकार कधी होत नाही. एकाच घडणीच्या जुळ्या भावांतही एकाला असा विकार जडला म्हणून दुसऱ्याला तो जडतोच असे नाही. जनुक हा कल आहे, निकाल नव्हे.

हे कळल्यावर मनावरचे ओझे उतरावे. रुग्णाने काही केले नव्हते. त्याच्या खाण्याचा, रागाचा, आळसाचा हा परिणाम नव्हता. परंतु येथेच दुसरा धोका उभा राहतो. दोष शोधण्याची आपली खोड इतकी जुनी आहे की, एका आरोपीला सोडले की ती दुसऱ्याला धरते. ‘तिने काही केले नाही, पण यांच्या रक्तातच खोट आहे,’ हे वाक्य शास्त्राचा आधार घेऊन बोलले जाऊ लागते. स्थळे पाहताना ते कुजबुजले जाते, आणि नवरा-बायकोच्या भांडणात ‘तुझ्या माहेरचे’ आणि ‘तुमच्या घराण्यातले’ अशा वाटण्या होतात. शुभवर्तमानातील शिष्यांनीही जन्मांध माणसाकडे पाहून पाप याचे की याच्या आईबापांचे, एवढेच विचारले होते. प्रभूने दोन्ही पर्याय नाकारले, हे आपण जाणतो. प्रश्नाची ती सवय मात्र आपण सोडलेली नाही.

वारसा म्हणजे काय, हे नीट पाहिले तर या वाटण्या टिकत नाहीत. या जनुकांचा एक संच मुलाला आईकडून मिळतो, एक बापाकडून. आईबापांनी तो निवडून दिलेला नसतो. त्यांनाही तो असाच न मागता मिळालेला असतो. जेथे निवड नाही तेथे अपराध नाही, हे नीतिशास्त्राचे साधे तत्त्व आहे. ज्याला आपण खोट म्हणतो ती खोटच आहे, असेही खात्रीने म्हणता येत नाही. या जनुकांत इतकी विविधता टिकून राहिली तिचे एक मोठे कारण संसर्गजन्य रोग हे असावे, असे शास्त्रज्ञ मानतात. सर्वांची तबके एकसारखी असती तर एखाद्या चलाख जंतूने सगळ्यांनाच एकदम फसवले असते. ही विविधता साऱ्या मानवजातीचे कुंपण आहे, आणि त्याची किंमत मोजणारे काही जण आपल्या शेजारी राहतात.

यावर कुणी विचारील, अपराध कुणाचाच नसेल तर जबाबदारीही कुणाचीच नाही काय? आमच्या मते या दोन शब्दांतील भेद येथेच स्पष्ट होतो. अपराध मागे पाहतो, जबाबदारी पुढे पाहते. 2004 साली तैवानमधील संशोधकांना आढळले की, फेफऱ्यावरील कार्बामाझेपिन या औषधाने काहींची त्वचा भयंकर होरपळते, त्याचा बी-1502 या एच.एल.ए. रूपाशी घट्ट संबंध आहे. ज्यांच्यात ते रूप अधिक आढळते अशा आशियाई वंशाच्या रुग्णांचे रक्त औषध सुरू करण्यापूर्वी तपासावे, अशी शिफारस त्यातून निघाली, आणि जीव वाचू लागले. तेथे कुणी कुळाचा उद्धार करीत बसले नाही. ज्ञानाचा योग्य उपयोग तो हा.

जुनाट शीतपित्तात जनुकांची अशी तपासणी आज उपचाराला फारशी मदत करीत नाही. मदत होते ती झोप न आणणाऱ्या हिस्टमिनविरोधी गोळ्यांची, डॉक्टरांच्या देखरेखीखाली वाढवलेल्या मात्रेची, आणि त्यानेही भागले नाही तर ओमॅलिझुमॅब या इंजेक्शनची. या विकारासाठी त्याला 2014 साली मान्यता मिळाली. ते महाग आहे, आणि ज्याला परवडत नाही त्याच्यासाठी समाजाने काय करावे, हाही जबाबदारीचाच प्रश्न आहे.

घरच्या माणसांकडे उरते ते काम त्याहून साधे आणि कदाचित अधिक अवघड. या विकाराचा पुरावा टिकत नाही. रात्रभर अंग सोलून निघालेली बाई सकाळी दवाखान्यात पोहोचते तेव्हा तिच्या हातावर दाखवायला काही नसते. तेव्हा तिच्या शब्दावर विश्वास ठेवणे, ‘आज काय खाल्लेस?’ ऐवजी ‘रात्री झोप लागली का?’ असे विचारणे, तिच्या ताटातली कोळंबी उगाच काढून न घेणे, हे आपल्याला करता येते.

याच एच.एल.ए. जनुकांविषयी आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. रक्ताच्या कर्करोगात अस्थिमज्जा द्यायची तर दात्याची आणि रुग्णाची ही जनुके जुळावी लागतात. आणि एका आईबापांच्या दोन मुलांत ती पूर्णपणे जुळण्याचा संभव चारांत एक असतो. ज्या वारशाच्या नावाने घराण्याला दूषण दिले जाते, त्याच वारशातून एक भाऊ दुसऱ्याला जीवदान देऊ शकतो. आपल्या घराण्यात काय आले, हे आपल्या हाती नव्हते. ते कळल्यावर एकमेकांशी कसे वागायचे, हे आहे.