दयाळ आणि कालव

वैशाखात पहाटेच्या प्रार्थनेस उठणाऱ्या बंधुभगिनींस दयाळ पक्षी ठाऊक आहे. काळापांढरा, शेपूट उभारून झाडाच्या शेंड्यावर बसतो आणि असा गातो की ऐकणाऱ्याने काम विसरावे. आम्ही उपदेशक त्यास देवाचा स्तुतिपाठक म्हणत आलो आहोत. कोकणच्या खाडीतील कालवास मात्र ही पदवी कोणी दिलेली आमच्या ऐकण्यात नाही. त्यास डोके नाही, वाचा नाही. बालपणी दोनतीन आठवडे पाण्यात तरंगून ते एकदा खडकास चिकटले की मरेपर्यंत तेथेच. ओहोटीस किनाऱ्यावरच्या बाया येऊन त्यास फोडून नेतात.

ह्या दोहोंपैकी देवाची स्तुती कोणाकडून होते?

उत्तराची घाई करू नये. दयाळाचे गाणे बहुतकरून नराचे असते. मादीस बोलवावे आणि दुसऱ्या नरास 'ही फांदी माझी' असे बजवावे, एवढ्यासाठी ते. विणीचा काळ सरला की गाणे सरते व उरते ती कुरकुर. (कित्येक मंडळ्यांतील गायकांविषयीही असेच म्हणता येईल, पण ते असो.) कालव पोटासाठीच पाणी गाळते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील जातीचे मोठे कालव अनुकूल स्थितीत दिवसाला सुमारे १९० लिटरांपर्यंत पाणी गाळते, आणि पाणी निवळते. हेतू पाहू गेल्यास दोघेही आपापल्या गरजेपाठी आहेत. तरी १४८ वे स्तोत्र पाखरांस स्तुतीस बोलाविते, तसे मुक्या खोल जलांसही बोलाविते. तेव्हा स्तुती गळ्यात असते, हे आम्हांस खरे वाटत नाही.

आणखी असे की, लेवीयाच्या ११ व्या अध्यायाप्रमाणे पंख व खवले नसलेला जलचर निषिद्ध; म्हणून कालवही निषिद्ध. जे पाणी निवळते तेच अशुद्ध! मनुष्य आपली घाण खाडीत सोडतो, रोगाचे बीज कालवाच्या अंगात साठते, आणि खाणारा आजारी पडला की दोष कालवास. ज्यांच्या आजोबांनी गावची मेलेली गुरे ओढली व त्यापायी गावाबाहेर राहिले, त्यांस हे फोडून सांगणे नको.

परंतु ख्रिस्ताकडे आल्याने ही दृष्टी आमची सुटली काय? आमच्या मंडळीत एक वृद्ध बहीण दर शनिवारी मंदिर झाडते व सारवते. तिला एकही गीत पाठ नाही. चारचौघांत प्रार्थना करण्यास सांगितले की ती पदर तोंडास लावते. तिला विश्वासाचे ज्ञान नाही असे ठरवून आम्ही तिला प्रभुभोजनास घेणे दोनदा पुढे ढकलले. त्या दोन्ही रविवारी मंदिर सारवून स्वच्छ होते.